पट्टी स्पीकरनं द्यायची

‘किती वॅटचा आहे?’ आवाजाची कुठलीही वस्तू घरात आली की येणारा-जाणारा हे विचारतोच. आमच्या पिढीला ही खोड नव्वदच्या दशकानं लावली. टू-इन-वनच्या पुढच्या बाजूला चंदेरी स्टिकर असायचा, ‘१००० वॅट पीएमपीओ’, आणि मागे बारीक अक्षरात ते यंत्र वीज किती खातं याचा आकडा. तो निघायचा वीस-पंचवीस वॅट. वीस वॅट आत घेऊन हजार वॅट बाहेर काढणारी ही यंत्रं खरी असती, तर एमएसईबीला टाळं लावता आलं असतं. पीएमपीओला कसलंही प्रमाण नव्हतं. क्षणभराचा शिखराचा आकडा घ्यायचा, सगळ्या स्पीकरांची बेरीज करायची आणि वर कंपनीचा उत्साह मिळवायचा.

स्टिकर गेला, सवय राहिली. होम थिएटरचा रिसीव्हर, म्हणजे टीव्हीचा आवाज घेऊन सगळे स्पीकर चालवणारा ॲम्प्लिफायर, घ्यायला गेलेला माणूस आजही वॅट आणि चॅनेल (म्हणजे किती स्पीकर चालवता येतील ते) मोजतो, आणि घरी असलेल्या स्पीकरांचा विषय निघालाच तर शेवटी निघतो. माझ्या मते हे सगळं उलटं चाललंय. गवयाची पट्टी काळी दोन असेल तर पेटीवाला त्याला ‘जरा पांढरी पाच करा, माझी पेटी तिथे छान वाजते’ असं सांगत नाही. पट्टी गवयानं द्यायची, साथीदारानं सांभाळायची. घरातला गवई म्हणजे स्पीकर.

आमच्याकडचे स्पीकर आले आत्तेभावाकडून. तो बरीच वर्षं लीड्सला होता. परत येताना घरसामानाच्या कंटेनरमधून त्यानं कमरेइतक्या उंचीची व्हार्फडेलची जोडी, त्याच घराण्यातला मधला सेंटर स्पीकर आणि मागचे दोन छोटे स्पीकर आणले. पुण्यातल्या त्याच्या फ्लॅटमध्ये वहिनींनी त्यांना जागा नाकारली आणि ते आमच्या हॉलमध्ये स्थायिक झाले. व्हार्फडेल ही लीड्सच्याच बाजूची कंपनी. गिल्बर्ट ब्रिग्ज नावाच्या गृहस्थांनी १९३२ साली इल्कलीतल्या आपल्या घराच्या तळघरात पहिला स्पीकर बनवला आणि जवळून वाहणाऱ्या व्हार्फ नदीच्या खोऱ्याचं नाव त्याला दिलं. आत्तेभावाला याचा अभिमान इतका, की जणू ब्रिग्ज त्याचेच शेजारी.

स्पीकरांबरोबर आलेला रिसीव्हर मात्र गेला. आवाजाचा भाग ठणठणीत. एचडीएमआयचा, म्हणजे टीव्हीची केबल लागते तो, बोर्ड मेला आणि तो बोर्ड आता मिळत नाही. हा प्रकार इतका सर्रास आहे की त्यातून एक गोष्ट कळून घ्यावी. रिसीव्हर हा अर्धा कॉम्प्युटर असतो. २००९ मध्ये टीव्हीचा आवाज त्याच केबलनं रिसीव्हरकडे परत आणणारं एआरसी आलं, २०१७ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती ईएआरसी आलं, मध्ये फोर-के, मग एट-के. दर पाच-सात वर्षांनी त्याचा तो अर्धा भाग म्हातारा होतो. स्पीकरच्या आत लोहचुंबक, तांब्याची गुंडाळी, एक कोन आणि लाकडाचा खोका. कोनच्या कडेची पट्टी फोमची असेल तर आपल्या दमट हवेत ती दहा-पंधरा वर्षांत भुसभुशीत होते, बोट लावलं की गळते. रबराची असेल तर स्पीकर मुलांच्या लग्नापर्यंत टिकतो. आमची रबराची आहे. ‘आता सगळंच नवीन घे ना, एकदाच काय तो खर्च’ हा बायकोचा सल्ला मी याच कारणानं मोडला. तिला तो खोकाच नकोय हे मला माहीत आहे, पण तो वेगळा विषय.

तर स्पीकर ठरलेले. आता त्यांच्या पाठीवर काय लिहिलंय ते वाचायचं. दोनच आकडे कामाचे असतात: ओहम, म्हणजे स्पीकर विजेला किती रोध करतो, आणि सेन्सिटिव्हिटी. ‘शिफारस: २० ते १५० वॅट’ अशी तिसरी ओळ असते, ती खुशाल सोडून द्यावी.

आमच्या स्पीकरांवर ६ ओहम लिहिलंय. स्टिकर निघून गेला असेल तर घरातल्या साध्या मल्टिमीटरनं अंदाज घेता येतो. वायर काढून स्पीकरच्या लाल-काळ्या टोकांवर मीटरच्या पिना टेकवल्या की ८ ओहमचा स्पीकर साधारण साडेपाच ते साडेसहा दाखवतो, ४ ओहमचा तीन-साडेतीन. मीटर मोजतो तो गुंडाळीचा नुसता डीसी रोध, म्हणून तो थोडा कमी येतो. पिना टेकवताना वूफरमधून, म्हणजे खर्जाच्या मोठ्या कोनमधून, ‘खट्’ असा बारीक आवाज येतो. तो आला म्हणजे गुंडाळी जिवंत आहे.

पण हा आकडा म्हणजे एक सरासरी समजूत आहे. स्पीकरचा रोध स्वरागणिक बदलतो. तोच ६ ओहमचा स्पीकर एखाद्या खर्जात वीस ओहमवर जाईल आणि दोनशे हर्ट्झच्या आसपास चारवर उतरेल. आंतरराष्ट्रीय मानक म्हणतं की छापलेल्या आकड्याच्या ८० टक्क्यांखाली तो कुठेही उतरू नये, म्हणजे ८ ओहमवाल्यानं ६.४ च्या वर राहावं. कंपन्या हे कितपत पाळतात? ‘८ ओहम’ छापलेले आणि प्रत्यक्षात साडेतीनपर्यंत घसरणारे उभे टॉवर स्पीकर बाजारात भरपूर आहेत. त्यावर ‘८ ओहम कम्पॅटिबल’ असं लिहिलेलं असतं. त्यातला ‘कम्पॅटिबल’ काळजीपूर्वक वाचावा.

रोध कमी झाला की ॲम्प्लिफायरचं काय होतं, ते शाळेतल्या गणितात बसतं. २० व्होल्ट दिले तर ८ ओहममधून अडीच अँपिअर वाहतो, ५० वॅट होतात. तेच २० व्होल्ट ४ ओहमला दिले तर ५ अँपिअर, १०० वॅट. व्हॉल्यूमचं बटण तिथेच आहे, पण ॲम्प्लिफायरला विजेचा दुप्पट प्रवाह पुरवायचाय, आणि त्याच्या पोटात उष्णता जवळजवळ दुप्पट होणार. स्वस्त रिसीव्हर दमतो तो इथे. सिनेमातल्या एखाद्या स्फोटाला तो ‘टक’ करून बंद पडतो आणि लाल दिवा लुकलुकतो. दुकानदार म्हणतो व्होल्टेजचा प्रॉब्लेम असेल.

दुसरा आकडा सेन्सिटिव्हिटी. एक वॅटच्या आसपास दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल आवाज मिळतो, तो हा. हा आकडा नुसता बघून काही वाटत नाही, म्हणून दोन टोकं सांगतो. बीबीसीच्या इंजिनिअरांनी सत्तरच्या दशकात आपल्या गाड्यांत बसवायला बनवलेला एलएस-थ्री-फाइव्ह-ए हा चिमुकला स्पीकर ८२-८३ डेसिबलचा. अमेरिकेतला क्लिप्शहॉर्न, १९४६ पासून खोलीच्या कोपऱ्यात उभं राहणारं कपाटाएवढं धूड, त्याचा दावा १०५ चा. फरक बावीस डेसिबलचा. दर तीन डेसिबलला वॅट दुप्पट, दर दहाला दहापट, या हिशेबानं क्लिप्शहॉर्न एका वॅटमध्ये जेवढा गरजतो तेवढ्यासाठी त्या चिमुकल्याला दीडशेहून जास्त वॅट लागतील. (देऊ नका, जळेल.) मग ‘ॲम्प किती वॅटचा’ या प्रश्नाला, समोर कोण आहे हे कळल्याशिवाय उत्तरच नाही.

आमचा स्पीकर ८८ डेसिबलचा आहे. सोफा तीन मीटरवर. मोकळ्या मैदानात तीन मीटरवर साडेनऊ डेसिबल गळतात, पण हॉलच्या भिंती त्यातले थोडे परत देतात; सहा धरू. म्हणजे एका वॅटला सोफ्यावर ८२. रात्री जेवणानंतर आम्ही सिनेमा बघतो तेव्हा सरासरी आवाज सत्तरच्या घरात असतो. त्याला एका वॅटचा सोळावा भाग पुरतो. मधूनच दार आपटतं, गोळी सुटते, ढोल वाजतो, तेव्हा वीस डेसिबल वर उडी. नव्वद डेसिबलला साडेसहा वॅट. संपलं. थिएटरसारखा धडाका हवा म्हणून शंभरपर्यंत गेलो तर साठ-पासष्ट वॅट, आणि तेव्हा खालच्या मजल्यावरचे काका वर येणार हे त्यातलं सगळ्यात पक्कं अनुमान.

हा हिशेब मांडल्यावर माझी वॅटची हौस बरीचशी उतरली. ८० वॅटचा खरा रिसीव्हर आमच्या हॉलला पुरून उरतो. ८० चा १०० केल्यानं एक डेसिबल वाढतो, आणि एक डेसिबल कानाला जेमतेम कळतो. त्या एका डेसिबलसाठी वरच्या मॉडेलला वीस-पंचवीस हजार जास्त मोजायचे की नाही हा प्रश्न ज्याचा त्यानं सोडवावा.

यातला ‘खरा’ हा शब्द मात्र महत्त्वाचा. एकाच रिसीव्हरच्या माहितीपत्रकात वॅटचे तीन-चार आकडे असतात. सगळ्यात मोठा आकडा खोक्यावर: एकच चॅनेल चालू, ६ ओहम, एकच सूर १ किलोहर्ट्झचा, आणि १० टक्के डिस्टॉर्शन. दहा टक्के म्हणजे आवाज फाटलेला असतो, तो कुणी ऐकणार नाही. त्याखाली बारीक अक्षरात दुसरा: दोन चॅनेल, ८ ओहम, २० ते २०,००० हर्ट्झ, ०.०८ टक्के डिस्टॉर्शन. पहिला दीडशे असेल तर दुसरा ऐंशीच्या आसपास येतो. पाचही चॅनेल एकदम चालवले तर काय, हे बहुतेक पत्रकांत सापडतच नाही. अमेरिकेत या आकडेबाजीला वैतागून तिथल्या व्यापार आयोगानं १९७४ मध्ये नियम केला होता. तो पुरेसा पडेना, तेव्हा २०२४ मध्ये त्यांनी मोजणीच ठरवून दिली: ८ ओहम, २० ते २०,००० हर्ट्झ, एक टक्क्याच्या आत डिस्टॉर्शन. आपल्याकडे गिऱ्हाइकानं आपला चष्मा लावावा आणि पत्रकातला सगळ्यात छोटा आकडा धरावा.

दुकानातला संवाद ठरलेला असतो.

‘सर, हा घ्या, नऊ चॅनेल आहेत.’

‘माझ्याकडे स्पीकर पाचच आहेत.’

‘आज पाच आहेत सर. उद्या ॲटमॉस केलंत तर?’

उद्या ॲटमॉस, म्हणजे छताकडूनही येणारा आवाज, करायचं तर डोक्यावर स्पीकर हवेत, डोक्यावर आरसीसीचा स्लॅब आहे, त्याखाली पीओपीचं फॉल्स सीलिंग नाही आणि ते करू द्यायला घरात बहुमत नाही. शिवाय नऊ चॅनेलच्या रिसीव्हरमध्ये ट्रान्सफॉर्मर एकच असतो. पाच चॅनेल वापरणाऱ्याला उरलेले चार फुकट पोसावे लागतात. मी त्या तरुणाला दोन्ही मॉडेल उचलून बघू का विचारलं. तो दचकला, पण ‘बघा ना सर’ म्हणाला. जुन्या धाटणीच्या एबी क्लासच्या ॲम्प्लिफायरमध्ये वजन हे बहुतांशी ट्रान्सफॉर्मरचं आणि उष्णता झटकणाऱ्या ॲल्युमिनिअमच्या पात्यांचं असतं. त्यामुळे एकाच कंपनीची दोन मॉडेलं हातात घेऊन तोललीत तर कोण कमी ओहमला दम धरेल याचा बरा अंदाज येतो. क्लास डीच्या नव्या यंत्रांना हा नियम लागू नाही, ती हलकी असूनही तगडी असतात.

वजनापेक्षा पक्की खूण पत्रकातच असते: ‘४ ते १६ ओहम’ असं लिहिलंय की ‘६ ते १६’. स्पीकर चारपर्यंत घसरणारे असतील तर दुसऱ्या वर्गात बसू नये. आणि शक्य असेल तर मागे प्री-आउट, म्हणजे न वाढवलेला सिग्नल बाहेर देणारी जागा, असलेला घ्यावा, निदान पुढच्या दोन चॅनेलना तरी. म्हणजे पुढेमागे रिसीव्हर कमी पडला तर वेगळा पॉवर ॲम्प्लिफायर जोडता येतो. मी घेतला तो सात चॅनेलचा, ८० वॅटचा, ४ ओहम झेपणारा, प्री-आउटवाला. दुकानदाराला तो मधलाच कुठलातरी वाटला.

इथे एका बटणाबद्दल बोलायला हवं. बऱ्याच रिसीव्हरच्या मेनूत ‘स्पीकर इम्पीडन्स: ८ / ६ / ४’ अशी निवड असते. साहजिकच वाटतं की आपले स्पीकर ६ चे, तर ६ करावं. हे बटण आत जाऊन काही जुळवत-बिळवत नाही. सहसा ते ॲम्प्लिफायरला मिळणारं व्होल्टेज कमी करतं, म्हणजे कमी ओहमच्या चाचणीत यंत्र ठरावीक मर्यादेपेक्षा तापत नाही आणि कंपनीला प्रमाणपत्र मिळतं. आपल्याला मिळतो तो आधीच गळा आवळलेला ॲम्प्लिफायर, जो मोठ्या आवाजाला लवकर फाटतो. फाटलेला आवाजच ट्वीटर, म्हणजे बारीक सुरांचा छोटा स्पीकर, जाळतो. छोटा ॲम्प पूर्ण पिळून ट्वीटर घालवलेले लोक मोठ्या ॲम्पनं घालवलेल्यांपेक्षा मला जास्त भेटलेत. मी ८ वर ठेवतो आणि वर हात ठेवून बघतो. कोमट असतो. चटका बसला असता तर वेगळा विचार केला असता.

ओझं कमी करायचा खरा उपाय क्रॉसओव्हरमध्ये, म्हणजे खर्ज वेगळा काढणाऱ्या सेटिंगमध्ये, आहे. ॲक्टिव्ह सब-वूफर असेल, म्हणजे ज्याच्या पोटात स्वतःचा ॲम्प आहे आणि जो भिंतीतून वीज घेतो, तर ८० हर्ट्झखालचा सगळा खर्ज त्याच्याकडे वळवावा. रिसीव्हरची सगळ्यात जास्त दमछाक होते ती याच खर्जात. त्यासाठी मेनूत पुढच्या स्पीकरांना ‘स्मॉल’ म्हणावं लागतं. आत्तेभाऊ आला होता तेव्हा त्यानं टीव्हीच्या पडद्यावर ते वाचलं आणि तो खरोखर दुखावला. ‘एवढे उंच स्पीकर आणले मी, आणि तू त्यांना स्मॉल म्हणतोस?’ हा ८० हर्ट्झचा आकडा रूढ केला टॉमलिन्सन होलमन यांनी. १९८३ मध्ये लुकासफिल्ममध्ये त्यांनी टीएचएक्स या थिएटरच्या आवाजाच्या प्रमाणपद्धतीची सुरुवात केली. ८० हर्ट्झखालचे सूर कुठल्या दिशेनं येतात ते कानाला नीटसं कळत नाही, म्हणून सब-वूफर कोपऱ्यात असला तरी बिघडत नाही.

हेच होलमन पुढे दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या सहकाऱ्यांबरोबर ऑडिसी या कंपनीत होते. डेनॉन आणि मरांट्झच्या रिसीव्हरांबरोबर येणारा तो काळा चिमुकला माइक याच ऑडिसीचा. यामाहाचं वायपाओ आहे, स्वीडनच्या उप्सालातून आलेलं डिरॅक आहे; कल्पना तीच. माइक सोफ्यावर कानाच्या उंचीला ठेवायचा, रिसीव्हर एकेका स्पीकरमधून ‘हूप, हूप, हूप’ असा आवाज काढतो, ऐकतो आणि आपल्या खोलीप्रमाणे सगळ्यांना सरळ करतो. या वेळी घरात संपूर्ण शांतता हवी. सोसायटीत संपूर्ण शांतता! पंखा बंद केला, फ्रीज बंद केला, मुलीला आजीकडे पाठवलं. पहिल्या जागेवरचं मोजमाप झालं आणि भंगारवाला आला. तो गेला तर शेजारी कुकर. तिसऱ्या शिट्टीला रिसीव्हरनंच पडद्यावर लिहिलं की गोंगाट फार आहे. शेवटी हे काम रात्री साडेअकराला झालं, आणि तेव्हा त्या ‘हूप’ची चौकशी करायला वॉचमन आला.

निकालात सब-वूफरचं अंतर साडेसतरा फूट आलं. तो आहे दहा फुटांवर. मशिन चुकलंय असं समजून बरेच लोक टेप लावून ते अंतर ‘दुरुस्त’ करतात. करू नये. सब-वूफरच्या पोटातल्या फिल्टरांमुळे त्याचा आवाज काही मिलिसेकंद उशिरा निघतो, आणि रिसीव्हर तो उशीर फुटांत सांगतो.

आमचं हे सगळं बघून खालच्या मजल्यावरचे काका खूश झाले. त्यांच्याकडे जुनं होम थिएटर आहे, डीव्हीडी प्लेअरसकट एकाच खोक्यात मिळायचं तसलं. प्लेअर मेलाय, स्पीकर चांगले आहेत. ‘तुझ्यासारखा नुसता रिसीव्हर आणतो, काय?’ मी त्यांना खाली जाऊन स्पीकरची पाठ दाखवली: ३ ओहम. ‘काका, याला साधा रिसीव्हर लावलात तर तो तापून बंद पडेल. तुमचा वूफरही पॅसिव्ह आहे, त्याला प्लगच नाही. रिसीव्हरच्या सब-वूफरच्या जागेतून निघतो तो नुसता सिग्नल, त्यानं हा हलणारसुद्धा नाही.’ काकांना पटलं नाही. स्पीकर दिसायला धडधाकट असताना टाकून द्यायचे हे त्या पिढीला पटत नाही, आणि त्यात त्यांची चूक नाही. पण तो संच एकमेकांसाठीच बनवलेला असतो. त्यातला एक गेला की दुसऱ्याला साथीला कुणी चालत नाही. त्यांना मी साउंडबार सुचवला.

काकांचा दुसरा प्रस्ताव होता न्यू जर्सीच्या भाच्याकडून रिसीव्हर मागवण्याचा, तिथे सेलमध्ये अर्ध्या किमतीत मिळतो म्हणून. तिथला रिसीव्हर १२० व्होल्टचा. इथे २३० मध्ये सरळ खुपसला तर एकदाच वाजेल. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यायचा, तो चांगला पाचशे-सातशे व्हीएचा, आठ-दहा किलोचा. त्यात कस्टम, आणि वॉरंटी अटलांटिकपलीकडे.

वायरीबद्दल थोडक्यात, कारण यात लोक विनाकारण लुटले जातात. आमचे मागचे स्पीकर रिसीव्हरपासून दहा मीटरवर आहेत, म्हणजे जाऊन-येऊन वीस मीटर तांबं. दीड चौरस मिलिमीटरची वायर वापरली तर तिचा रोध पाव ओहमच्या आसपास, अडीचची वापरली तर ०.१६. सहा ओहमच्या स्पीकरला यातलं काहीही चालतं. अडीचची घेतली की मनातही शंका उरत नाही. फिनोलेक्सची साधी घरगुती वायर, इलेक्ट्रिकच्या दुकानातून लाल आणि काळी अशी मीटरवर घेतलेली, हे काम चोख करते. लाल लालला, काळी काळ्याला एवढं मात्र पाचही ठिकाणी तपासावं, कारण एक जोडी उलटी लागली की खर्ज गायब होतो आणि माणूस दोष रिसीव्हरला देतो. भिंतीतून गेलेल्या जुन्या वायरीचे रंग कळत नसतील तर रिसीव्हरकडची टोकं मोकळी करून त्यांना पेन्सिल सेल क्षणभर टेकवावा. वूफरचा कोन बाहेर आला तर सेलच्या अधिक बाजूची वायर लालची, आत गेला तर काळ्याची. सेल दीड व्होल्टचाच घ्यावा, नऊ व्होल्टचा चौकोनी नको, आणि ही परीक्षा सुट्या ट्वीटरवर करू नये.